पट्ट्यांचं कार्ड

ओव्हन एकशे ऐंशीवर.
नखाएवढ्या बारा पट्ट्या, पांढऱ्या,
दर दहा मिनिटांनी एक चिमट्यानं बाहेर,
निवली की डिंकानं कार्डावर.
चिंचोळी एमआयडीसीत माझं काम एवढंच:
प्लास्टिक किती वेळ तग धरतं ते पाहायचं.

बाहेर चव्वेचाळीस. आत पंखा,
आणि कथलाच्या त्या औषधाचा वास,
कुजका कोबी, शिळा कांदा;
केसांत बसतो, रिठ्यानंही जात नाही.
सिटी बसमध्ये शेजारची बाई खिडकीकडे सरकते.
मीही सरकते थोडी, तिला बरं वाटावं म्हणून.

पीव्हीसी म्हणजे लांबच लांब सूत,
एकाआड एक कार्बनवर क्लोरीन.
बहुतेक घट्ट. एखादाच ढिला,
सूत होतानाच तसा राहिलेला.
ताप लागला की तो आधी सुटतो,
जाताना शेजारचा हायड्रोजन घेऊन जातो,
दोघांचं आम्ल होतं,
आणि मागे जी जागा राहते
ती पुढच्याला ढिलं करते.
मग सर्रर्र,
टोक सापडलेल्या पोत्याच्या शिवणीसारखं.
किती उसवलं ते रंग सांगतो:
साय, हळद, चहा, काकवी,
शेवटी तवा.

कॉलेजात हे फळ्यावर होतं.
कळलं ते नायनांमुळे.
साखर पेठेतल्या यंत्रमागावर बेचाळीस वर्षं.
ताण्यातला एक धागा तुटला
की मागाचा आवाज बदलायचा, म्हणे.
मला कधी ऐकू आला नाही.
त्यांचा हात तोवर मागाच्या पोटात,
टोक जिभेला लावून ओलं,
एक गाठ,
आणि खटक-खटक पुन्हा सुरू.
गाठ दिसली तर ती गाठ कसली, म्हणायचे.

कथील तेच करतं.
ढिला क्लोरीन स्वतःकडे ओढतं,
त्याच्या जागी आपल्याजवळचं गंधक बांधतं.
सुटलेलं आम्ल गिळून टाकतं,
कारण ते मोकळं राहिलं
तर पुढची शिवण तेच उसवणार.
दर गाठीला थोडं थोडं संपतं.
संपलं
की ओव्हनला कुणाची भीड नाही.

मार्चात खरेदीचे हुंडेकरी साहेब आले.
कथील लई महाग झालंय.
शंभर किलोला दीड घालताय, एक घाला.
कुणाला कळतंय ओ.

सत्तराव्या मिनिटाला जिथे साय असायची
तिथे हळद.
नव्वदला काकवी.
साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.
मागच्या आठवड्याच्या पट्ट्या आहेत ना?
त्याच चिकटवा.

मी डिंकाची बाटली उघडली.
बंद केली.
ही नळी जाणार त्या गल्लीत
पाणी चौथ्या दिवशी येतं, पाऊण तास,
रात्री दोनला आलं तरी बायका हंडे घेऊन जाग्या.
आमचीही गल्ली तसलीच.
हे सगळं साहेबांना सांगायचं होतं.
सांगितलं नाही.
आजच्याच पट्ट्या लावल्या, तारीख घातली,
खाली सही: सु. बोमड्याल.

एप्रिलपासून मी गोदामात आहे,
नळ्यांचे गठ्ठे मोजते.
केसांतला वास गेला.
बसमध्ये आता कुणी सरकत नाही.

कार्डाची दुसरी प्रत घरी आणली होती.
नायनांना आता ऐकू येत नाही,
मागांनीच नेलं सगळं.
हातात दिली नुसती.
त्यांनी एकेका पट्टीवरून अंगठा फिरवला,
काकवीपाशी थांबले,
आणि मग
कार्ड उलटं करून
मागची बाजू पाहिली.